लेकीच्या रिपोर्टवरचा लाल चौकोन

कराडहून एका आईचं पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं :

"माझी मुलगी ९ वर्षांची आहे, चौथीत शिकते. शाळेतल्या तपासणीत तिला नंबर निघाला. उजव्या डोळ्याला मायनस सव्वा, डाव्याला मायनस पावणेतीन. चष्म्यासाठी गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या नसेतला खड्डा जरा मोठा वाटतोय, उजवीकडे ०.५ आणि डावीकडे ०.६, एकदा ओसीटी, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचं स्कॅन, करून घ्या. ओसीटीत नसेच्या तंतूंच्या थराची सरासरी जाडी उजव्या डोळ्यात १०१ आणि डाव्यात ९३ आली. डाव्या डोळ्याच्या चित्रात वरच्या बाजूला एक लाल आणि एक पिवळा चौकोन होता. नेटवर वाचलं, लाल म्हणजे काचबिंदू. माझ्या सासूबाईंना काचबिंदू आहे, एका डोळ्याने त्यांना आता जवळजवळ दिसत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. तीन आठवड्यांनी पुण्याला दुसऱ्या ठिकाणी परत ओसीटी केली. तिथे १०७ आणि १०१ आले, पण सगळे चौकोन राखाडी! राखाडी म्हणजे नस मेली का? तीन आठवड्यांत डाव्या डोळ्याचे आठ मायक्रॉन वाढले कसे? कोणतं मशीन खोटं बोलतंय? डॉक्टरांनी डोळ्यांचं प्रेशर १५ आणि १६ सांगितलं आणि सहा महिन्यांनी बोलावलंय, पण मला एवढं थांबवत नाही. दर महिन्याला ओसीटी केली तर चालेल का? तिला बाकी काही त्रास नाही, फक्त उन्हाळ्यात डोळे खाजतात तेव्हा मेडिकलमधून तेच जुने थेंब आणून घालतो. दोन्ही रिपोर्टचे फोटो जोडले आहेत."

ताई,

आधी राखाडी रंगाचं सांगते. राखाडी म्हणजे नस मेली, असं अजिबात नाही. त्या यंत्राने मत द्यायला नकार दिला, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या लेकीशी तुलना करायला त्याच्याजवळ लहान मुलांचे आकडेच नव्हते, म्हणून त्याने रंग भरले नाहीत. तुमच्या हातातल्या दोन कागदांपैकी मला तो राखाडी कागद जास्त प्रामाणिक वाटतो.

लाल चौकोन कुठून आला, तेही सापडलं. पहिल्या रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यातली जन्मतारीख बघा. दिवस आणि महिना बरोबर आहेत, पण २०१६ च्या जागी १९९६ छापलंय. नोंद करताना कुणाच्या तरी हातून साल चुकलं आणि यंत्राने तुमच्या चौथीतल्या मुलीला तरुण बाई समजून मोठ्या माणसांच्या रांगेत उभं केलं. बहुतेक ओसीटी यंत्रांत तुलनेसाठी भरलेले आकडे १८ वर्षांवरच्या निरोगी लोकांचे असतात. वय बरोबर घातलं असतं तर कदाचित पहिला कागदही राखाडीच आला असता आणि तुमची ती रात्र वाचली असती.

म्हणून लगेच "सगळं ठीक आहे, विसरून जा" असं मात्र मी म्हणणार नाही. काचबिंदूत नसेचे तंतू हळूहळू मरतात आणि नसेतला खड्डा मोठा होत जातो, म्हणून त्या खड्ड्याकडे तुमच्या डॉक्टरांचं लक्ष गेलं, हे चांगलंच झालं. पण त्या आकड्यांवर किती भार टाकायचा, हे ठरवायला ते कसे तयार होतात ते कळायला हवं. माझ्यासमोर बसणाऱ्या आईवडिलांना मी हे दहा मिनिटं काढून सांगते, तुम्हालाही सांगते.

ओसीटी म्हणजे प्रकाशाने केलेली सोनोग्राफी. सोनोग्राफीत आवाज आत जाऊन किती वेळाने परत येतो ते मोजतात. प्रकाशाचा वेग इतका प्रचंड की त्याला लागलेला उशीर असा सरळ मोजता येत नाही. म्हणून एकाच किरणाचे दोन भाग करतात, एक डोळ्यात सोडतात, दुसरा यंत्रातल्या आरशावर, आणि परत आलेले दोघे एकमेकांत कसे मिसळतात त्यावरून खोली काढतात. डेव्हिड हुआंग, एरिक स्वॉन्सन, जेम्स फुजिमोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ही पद्धत जगापुढे मांडली. या तिघांना वैद्यकीय संशोधनासाठीचा २०२३ चा लास्कर पुरस्कार मिळाला. या तपासणीत क्ष-किरण नसतात, सौम्य अवरक्त प्रकाश असतो, त्यामुळे मुलीला त्यापासून इजा होईल ही भीती मनातून काढून टाका.

डोळ्याच्या पडद्यावरून दहा-बारा लाख बारीक चेतातंतू एका ठिकाणी गोळा होतात आणि नस होऊन मेंदूकडे जातात. जिथे ते गोळा होतात त्याभोवती साधारण साडेतीन मिलिमीटर व्यासाचं एक कडं कल्पून, त्या कड्यावर तंतूंचा थर किती जाड आहे ते यंत्र सांगतं. तुमचे १०१ आणि ९३ म्हणजे त्या पूर्ण कड्यावरची सरासरी जाडी, मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. झेरॉक्सचा साधा कागद साधारण १०० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे तुम्ही ज्या आठ मायक्रॉनांसाठी जागलात ते एका कागदाच्या जाडीचा बारावा भाग आहेत. हे मी काळजी कमी करायला सांगत नाही. मोजमाप किती नाजूक आहे, ते लक्षात यावं म्हणून सांगते.

आणखी एक गोष्ट आईवडिलांना सहसा कुणी सांगत नाही. यंत्र जाडी थेट मोजत नाही. ते पडद्याचा काळा-पांढरा छेद काढतं, मग त्यातला संगणक थराच्या वर एक रेघ मारतो आणि खाली एक, आणि दोन रेघांमधलं अंतर छापतो. मूल मध्येच हललं, पापणी मिटली, डोळा कोरडा पडून चित्र धूसर आलं की रेघ घसरते. आकडा मात्र तेवढ्याच ठाम टायपात छापला जातो.

तुमच्या घरी दाराच्या चौकटीवर लेकीच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा असतीलच. एकाच संध्याकाळी तिला तीनदा उभं करा. एकदा टाच उचललेली असेल, एकदा केसांची वेणी मध्ये येईल, एकदा तुमचीच पट्टी तिरकी असेल. तीन खुणा होतील, तिन्हींत थोडंथोडं अंतर. ती त्या संध्याकाळी वाढली, असं तुम्ही म्हणणार नाही. पुढच्या वेळची खूण या इकडच्या-तिकडच्या अंतरापेक्षा बरीच वर गेली, तरच म्हणाल, "उंच झाली गं." ओसीटीचंही तसंच. प्रौढांमध्ये चांगल्या आधुनिक यंत्रावर, त्याच डोळ्याची, त्याच यंत्रावर, काही दिवसांनी परत तपासणी केली तर सरासरी जाडी चारेक मायक्रॉनांनी सहज मागेपुढे होते. डोळ्यात काहीही बदललेलं नसताना. नीट बसू शकणाऱ्या मुलांवरच्या अभ्यासांतही सरासरीचा आकडा चांगला स्थिर निघतो, पण कड्याच्या एकेका तुकड्याचे आकडे त्याहून बरेच जास्त हलतात.

हे तुकड्यांचं नीट समजून घ्या, कारण तुमचा लाल चौकोन तुकड्याचाच आहे, सरासरीचा नाही. नसेपासून जसजसं लांब जावं तसा तंतूंचा थर पातळ होत जातो. मुलीने नजर जराशी हलवली आणि कडं किंचित वर सरकलं, तर कड्याचा वरचा भाग नसेपासून लांब गेला, तिथे जाडी कमी दिसणार, आणि खालचा भाग जवळ आला, तिथे जास्त दिसणार. बेरीज-वजाबाकी होऊन सरासरी जिथल्या तिथे. पण वरच्या तुकड्याचा चौकोन लाल व्हायला एवढं पुरतं. तुमच्या पहिल्या रिपोर्टच्या फोटोत कडं नसेच्या मधोमध नाही, वर झुकलेलं स्पष्ट दिसतंय. शिवाय डाव्या डोळ्याच्या चित्राखाली सिग्नलचा आकडा दहापैकी ५ आहे. या यंत्रावर सहाच्या खालचं चित्र भरवशाचं धरत नाहीत. अशा वेळी मुलीला दोन मिनिटं डोळे मिटून बसवायचं आणि चित्र परत घ्यायचं. ते घेतलं गेलं नाही, याचं मला वाईट वाटतं. मुलांच्या बाबतीत तर हे पुन्हा घेणं म्हणजेच तपासणी.

मोठ्या माणसांतसुद्धा रंगांचा अर्थ लोक समजतात तसा नाही. त्या वयाच्या निरोगी लोकांपैकी सगळ्यात पातळ थर असलेले शंभरातले पाच पिवळ्यात जातात, त्यांतलाही अगदी तळाचा एक लालमध्ये. म्हणजे पिवळ्या-लाल रंगात काही निरोगी माणसं असणारच, यंत्राची रचनाच तशी आहे. त्यात एका डोळ्याचे चार भाग, शिवाय घड्याळासारखे बारा तुकडे, मग दुसरा डोळा. एवढे चौकोन मांडल्यावर धडधाकट माणसाच्या कागदावरही एखादा रंगीत निघाला तर त्यात नवल काय?

रंगांचा धोका उलट बाजूनेही आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मुलांचा हा थर सहसा मोठ्यांपेक्षा जाड असतो. सिडनीत सहा वर्षांच्या शेकडो मुलांची जुन्या पद्धतीच्या यंत्रावर तपासणी केली तेव्हा सरासरी १०४ मायक्रॉनच्या आसपास आली होती. मोठेपणी दर दहा वर्षांना तो साधारण दोन मायक्रॉन कमी होत जातो. म्हणजे एखाद्या मुलाचा थर खरोखर पातळ होऊ लागला असेल, तरी मोठ्यांच्या मापाने तो काही काळ हिरवाच, म्हणजे ठीकच, दिसत राहील. म्हणून मुलाच्या रिपोर्टवर मोठ्यांचे रंग आले तर मी त्यातल्या हिरव्यावरही विश्वास ठेवत नाही.

आता तुमचा प्रश्न : कोणतं मशीन खोटं? दोन्ही आपापल्या परीने खरी. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं कडं वेगळ्या तऱ्हेने ठेवतात, रेघा वेगळ्या नियमाने मारतात. एकावरचे १०१ आणि दुसऱ्यावरचे १०७ एकाच डोळ्याचे, एकाच दिवशीचेही असू शकतात. तीन आठवड्यांत आठ मायक्रॉन वाढले नाहीत, तंतू असे वाढतही नसतात. एका दुकानातल्या काट्यावर साखर तोलली, दुसऱ्या दुकानात परत तोलली आणि म्हटलं की वाटेत साखर वाढली, असं झालं ते. इथून पुढे तुलना करायची असेल तर एकच यंत्र धरून ठेवा. कोणतंही चालेल, पण तेच.

तरी तुमच्या दोन कागदांत एक गोष्ट मला उपयोगी वाटली. पहिल्यात उजव्या-डाव्यातला फरक ८, दुसऱ्यात ६. यंत्र बदललं, आकडे बदलले, पण दोन्ही वेळा डावाच कमी. तेव्हा दोन डोळ्यांत थोडा फरक खरोखर असावा. प्रश्न असा उरतो की एवढा फरक निरोगी मुलांत असतो का?

मुलांच्या बाबतीत मला हाच प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटतो. यंत्राजवळ लहान मुलांचे आकडे नाहीत, मग तुलना कुणाशी करायची? त्याच मुलाच्या दुसऱ्या डोळ्याशी. तेच वय, तेच आईबाप, जन्माच्या वेळचं तेच वजन, तीच तपासणी, तीच वेळ. याहून जवळची तुलना मिळणार नाही. पण एकाच घरातल्या दोन बहिणी दिसायला सारख्या असल्या तरी तंतोतंत एक नसतात, तसे दोन डोळेही नसतात. बुटाच्या दुकानात बसलं की कळतं, एक पाऊल दुसऱ्यापेक्षा किंचित लांब असतंच. डोळ्यांत तर रक्तवाहिन्यांच्या वाटासुद्धा उजव्या-डाव्यात वेगळ्या असतात आणि तंतूंचे जाड पट्टे साधारणपणे त्या वाटांच्या आसपास असतात. म्हणून तुकड्याला तुकडा लावून बघितलं की फरक मोठे दिसतात, सरासरीत ते बरेच विरून जातात.

प्रौढांवरच्या अभ्यासांत दोन निरोगी डोळ्यांच्या सरासरीत साधारण नऊ मायक्रॉनपर्यंतचा फरक नेहमीच्या मर्यादेत धरला जातो. त्याहून जास्त आढळला तर कारण शोधायचं. मुलांमध्ये तर निरोगी डोळ्यांत दोन आकडी फरकही दिसलेला आहे. तुमच्या लेकीचे ६ आणि ८ या हिशेबात आतलेच. त्यात हेही धरा की दोन्ही डोळ्यांचे आकडे आपापले हलतात, आणि एकातून दुसरा वजा केला की दोघांची हालचाल त्या फरकात येऊन बसते. म्हणून एका तपासणीतल्या फरकावर मी कधी निकाल देत नाही.

शिवाय तुमच्याकडे या फरकाचं थोडं कारण पत्रातच आहे. डाव्या डोळ्याचा मायनस नंबर उजव्याहून दीडने जास्त. मायनस नंबर जास्त म्हणजे बहुतेक वेळा डोळ्याचा गोळा जास्त लांब. एवढ्या फरकाला साधारण अर्धा मिलिमीटर. लांब डोळ्यात तेच कडं नसेपासून जरा दूर पडतं, म्हणून थर पातळ मोजला जातो. प्रौढांत एका मिलिमीटरला दोनेक मायक्रॉन असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे आठापैकी एखादा मायक्रॉन यात जाईल, सगळे नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण "चष्म्याच्या नंबरामुळेच आहे सगळं" असं कुणी म्हणालं तर तेही पूर्ण खरं नाही. पण लांब डोळ्यात आणखी एक गोष्ट होते. तंतूंचे जाड पट्टे कानशिलाच्या बाजूला सरकतात आणि नाकाच्या बाजूचा वरचा-खालचा भाग यंत्राला ओका वाटतो. तुमचा लाल चौकोन बरोबर तिथेच आहे, वर, नाकाच्या बाजूला. मायनस नंबरच्या मुलांच्या कागदावर मी हा चौकोन इतक्या वेळा पाहिलाय की तो दिसला की माझी नजर आधी चष्म्याच्या नंबराकडे जाते.

०.५ आणि ०.६, म्हणजे नसेच्या रुंदीचा किती भाग खड्ड्याने व्यापलाय त्याचे आकडे, त्यांबद्दल फार लिहीत नाही. ज्या मुलांची नस मुळातच मोठी असते त्यांच्यातला खड्डाही मोठा असतो, आणि ०.१ चा फरक दोन डॉक्टरांच्या नजरेतही पडतो. तुमच्या डॉक्टरांना नसेचा एक साधा फोटो काढून ठेवायला सांगा. दोन वर्षांनी तो फोटो शेजारी ठेवून बघता आला, तर ओसीटीच्या दहा कागदांपेक्षा कधीकधी जास्त कळतं.

आणि एक प्रश्न तुम्हाला : लेक दिवस पूर्ण होऊन जन्मली का, वजन किती होतं? कमी वजनाच्या आणि लवकर जन्मलेल्या मुलांमध्ये हा थर जन्मापासूनच थोडा पातळ असू शकतो. डॉक्टरांना सांगा, त्यांनी विचारलं नसलं तरी.

दोन डोळे सारखे आहेत म्हणजे सगळं छान, असंही मानू नका. काचबिंदू दोन्ही डोळ्यांत बरोबरीनेही येऊ शकतो. म्हणून मी ओसीटीला कधी एकटं सोडत नाही. डोळ्याचं प्रेशर, बुबुळाची जाडी आणि रुंदी, नंबर किती वेगाने वाढतोय, नस प्रत्यक्ष कशी दिसते, मूल उजेडाला डोळे मिटतं का, सारखं पाणी येतं का, हे सगळं एकत्र ठेवून बघावं लागतं. या यादीत तुमच्या पत्रातला १५-१६ प्रेशरचा आकडा मला दिलासा देतो.

आता मी त्या ओळीकडे येते, जिच्यामुळे तुमचं पत्र मी तातडीने उत्तरासाठी काढलं. मायक्रॉनांवर तुम्ही पानभर लिहिलंत. आणि शेवटी अर्ध्या ओळीत, "मेडिकलमधून तेच जुने थेंब आणून घालतो."

ताई, ती बाटली आत्ता हातात घ्या आणि बारीक अक्षरं वाचा. डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लूरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, यातलं एकही नाव दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. बऱ्याचदा ते अँटिबायोटिकच्या जोडीने एकाच बाटलीत असतं, म्हणून आईवडिलांना वाटतं साधंच औषध. खाज दोन दिवसांत थांबते, डोळे पांढरेशुभ्र होतात, आणि म्हणून दर उन्हाळ्यात तीच रिकामी बाटली दाखवून नवी आणली जाते. काही मुलांमध्ये या थेंबांनी डोळ्याचं प्रेशर चढतं, लहान मुलांत मोठ्यांपेक्षा लवकर आणि जास्त चढू शकतं. दुखत नाही, लाली येत नाही, उलट डोळा छान दिसतो. थेंब वेळेवर थांबवले तर प्रेशर बहुतेकदा उतरतं, पण तोवर जे तंतू गेले ते परत येत नाहीत. खाजेच्या थेंबांनी नजर गमावलेली मुलं मी पाहिली आहेत, त्यांच्या आयाही तुमच्यासारख्याच काळजी घेणाऱ्या होत्या. यात तुमचा दोष मी धरत नाही. चिठ्ठीशिवाय ही बाटली हातात पडते, हा दोष मोठा आहे.

म्हणून मला सांगा, डॉक्टरांनी १५ आणि १६ मोजलं तेव्हा थेंब चालू होते की बंद? बंद असतील, तर तो आकडा फक्त बंद असतानाचा आहे. थेंब चालू असताना किती चढतं ते त्यातून कळत नाही. सध्या रोज घालत असाल तर आजच डॉक्टरांना फोन करून विचारा कसे थांबवायचे. घालत नसाल तर पुन्हा सुरू करू नका. गेल्या दोन-तीन वर्षांत कोणत्या महिन्यांत, दिवसातून किती वेळा, किती बाटल्या झाल्या, ते आठवून कागदावर लिहा आणि बाटलीसकट घेऊन जा. सहा महिने यासाठी थांबू नका, याच आठवड्यात जा. खाजेवर स्टिरॉइड नसलेले थेंब मिळतात, डॉक्टर लिहून देतील. गार पाण्याच्या घड्या, बाहेरून आल्यावर चेहरा धुणं, आणि डोळे चोळू न देणं. सतत चोळल्याने बुबुळाचा आकारही बिघडू शकतो. आणि कधी स्टिरॉइड खरोखरच लागलं, तर ते प्रेशर तपासत तपासत द्यायचं असतं.

दर महिन्याला ओसीटी? चालणार नाही असं नाही, इजा होत नाही, पण करू नका. महिन्याभरात खरा बदल झालाच तर तो त्या चार मायक्रॉनांच्या हालचालीत बुडून जाईल. एका महिन्यात ९३ चे ९० होतील, तुम्ही रडाल, पुढच्या महिन्यात ९५ होतील, तुम्ही पेढे वाटाल, आणि डोळा त्या सगळ्या वेळात जसाच्या तसा असेल. सहा महिने डॉक्टरांनी उगाच सांगितलेले नाहीत. त्यांना ओसीटीसाठी तेवढं अंतर हवंय. मात्र पहिली तपासणी मुळात खराब आहे, तेव्हा पाया म्हणून एक चांगली तपासणी आत्ता करून घ्यायला मी नक्की सांगेन. पुढचं सगळं तिच्याशी ताडून बघायचं आहे.

तेव्हा मुलीला सकाळी न्या, पोटभर खाऊ घालून. दिवसभर शाळा, मग दोन तास रांग, मग ओसीटी, असं केलं की थकलेलं मूल डुलतं आणि चित्र डुलतं. प्रेशर मोजायला डोळा बधिर करण्याआधी, बाहुली मोठी करायचे थेंब घालण्याआधी ओसीटी झाली तर बरं, डोळ्याचा पृष्ठभाग स्वच्छ असतो. खुर्ची उंच करायला सांगा, पाय लोंबकळत ठेवू नका, खाली स्टूल द्या. हनुवटी पूर्ण टेकलेली, कपाळ पट्टीला लागलेलं. तंत्रज्ञांनी "आता" म्हणायच्या आधी तिने एकदा-दोनदा पापण्या मिटून घ्याव्या, मग खुणेच्या दिव्याकडे बघावं. आणि कृपा करून मागे उभं राहून "हलू नकोस, हलू नकोस" म्हणू नका. मुलं आवाजाकडे वळतात. घरी आरशासमोर दहा सेकंद एका टिकलीकडे न हलता बघण्याचा खेळ दोन-चार दिवस आधी खेळा, ९ वर्षांच्या मुलीला तो लगेच जमतो.

प्रत्येक डोळ्याची दोन-तीन चित्रं घ्यायला सांगा आणि त्यातलं सगळ्यात स्वच्छ ठेवा. कागद हातात आला की तिथेच उभ्या उभ्या जन्मसाल, सिग्नलचा आकडा, कडं मधोमध आहे का, आणि उजवा-डावा अदलाबदल झालेला नाही ना, एवढं बघा. मध्येच रेघ तुटलेली किंवा शून्याला टेकलेली दिसली तर परत काढून मागा. मागायचा संकोच करू नका.

इंटरनेटवर वाचाल की मुलांमध्ये ओसीटीची विश्वासार्हता, शून्य ते एकच्या मापावर, ०.९ च्या वर आहे, मग या बाई कशाला हलतं-हलतं म्हणतात. तो आकडाही खरा आहे. बालवाडीपासून दहावीपर्यंतची मुलं एका रांगेत उभी केली तर कशीही पट्टी धरली तरी कोण उंच, कोण बुटकं, ते बरोबर कळेल, आणि ०.९ तेवढंच सांगतो. एका मुलाची उंची या महिन्यात वाढली का, त्यासाठी पट्टी किती मिलिमीटरने चुकते ते माहीत हवं. तुम्हाला तुमच्या एका मुलीचं बघायचं आहे, म्हणून मी तुम्हाला ०.९ नाही सांगितला, चार मायक्रॉन सांगितले.

सासूबाईंच्या काचबिंदूचं शेवटी लिहिते. उतारवयातला काचबिंदू कुटुंबात चालतो हे खरं. आई-वडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो. पण इथे ज्यांची आई आजारी आहे ते तुमचे मिस्टर आहेत. लेक एक पिढी पुढे आहे आणि ९ वर्षांची आहे. मिस्टर चाळिशीच्या आसपास असतील, आणि त्यांच्या डोळ्यांबद्दल तुमच्या पत्रात एक अक्षर नाही. हा आजार दुखत नाही, भारतातल्या पाहण्यांत काचबिंदू सापडलेल्या बहुतेकांना तो आपल्याला आहे हे आधी माहीतच नव्हतं. त्यांनी आजवर चष्म्याच्या दुकानात नंबर काढला असेल, पण प्रेशर आणि नस बघून घेतली आहे का? त्यांच्या भावाबहिणींनी? सासूबाईंची जुनी फाइल मिळाली तर त्यांना कितव्या वर्षी निदान झालं, ते त्यात बघा, आणि त्या स्वतः थेंब रोज घालतात ना, उरलेल्या डोळ्यासाठी, तेही विचारा.

या आठवड्यात लेकीला घेऊन जाल, तेव्हा मिस्टरांचाही केसपेपर काढा.